बाईचा दम कोण मोजणार?

(मोहोळ येथे महिला मंडळांच्या एकत्रित आरोग्य शिबिरात केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी चहाच्या वेळी एक मावशी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज कशावर बोलणार?" मी म्हटलं, "दम्यावर. श्वासाच्या आजारांवर." त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यात काय बोलायचं? वय झालं की दम लागतोच की." मी वय विचारलं. अठ्ठेचाळीस. या वयाचा पुरुष आपल्याकडे कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहतो तेव्हा त्याला तरुण उमेदवार म्हणतात, आणि बाईचं मात्र वय झालेलं असतं!

पण मावशींना हसण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः एके काळी गावोगाव आरोग्याची पाहणी करत फिरत होते. हातात छापील कागद असायचा. एका वस्तीवर एक बाई उंबऱ्याला टेकून बसली होती. एक वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागत होतं. मी विचारलं, "बिडी ओढता?" ती म्हणाली, "नाही." "घरात कुणाला टी.बी. झाला होता?" "नाही." मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. ती बसली होती तिच्या मागे चूल पेटलेली होती. तुराट्यांचा धूर दारातून बाहेर येत होता. माझेही डोळे चुरचुरत होते. पदराने डोळे पुसत पुसत मी 'नाही' लिहिलं! कागदावर धुराचा रकाना नव्हता, म्हणून तो धूर मला दिसला नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. 'दम्यानं गेली' असं लोक म्हणाले. दमाच होता की आणखी काही, हे तिच्या हयातीत कुणी तपासलं नव्हतं. मी तर नव्हतंच.

म्हणून आज त्या नसलेल्या रकान्याबद्दल बोलायचं आहे.

आपण सरसकट 'दमा' म्हणतो, त्यात निदान दोन वेगळे आजार आहेत. एक खरा दमा, म्हणजे अस्थमा. यात श्वासनळ्या चिडतात, सुजतात, आवळतात. धूळ, परागकण, थंडी, कसल्या तरी वासाने झटका येतो. औषध घेतलं की नळ्या पुन्हा मोकळ्या होतात. मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. हा बऱ्याचदा लहानपणीच सुरू होतो. दुसऱ्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. यात वर्षानुवर्षं धूर, धूळ आत जाऊन नळ्या कायमच्या अरुंद होतात, आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटत जातात. झालेलं नुकसान भरून येत नाही. औषधाने त्रास कमी होतो, आजाराचा वेग कमी करता येतो, पण आधी कळलं तर. भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींहून अधिक रुग्ण होते, असा अंदाज 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात २०१८ साली आला. यांत आपल्या किती, याचा विचार तुम्हीच करा.

सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, म्हणजे मुख्यतः पुरुषांचा आजार, असं वैद्यकाच्या पुस्तकांत फार काळ लिहिलेलं होतं. ते पुस्तक लिहिणारे ज्या देशांत राहत होते तिथे ते खरंही असेल. पण आपल्याकडे एका बाईला फार पूर्वीच वेगळं दिसलं होतं. डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती, आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. दिल्लीत, बायकांसाठीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात त्या काम करत होत्या. फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे हृदयाची उजवी बाजू थकते, पायाला सूज येते, जीव घाबरा होतो, अशा रुग्णांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्याबरोबर १९५९ साली छापला. १२७ रुग्ण होते. तंबाखू ओढणाऱ्या बायका थोड्या, तरीही या आजाराच्या बायका भरपूर, आणि पुरुषांपेक्षा कमी वयाच्या. मग या बायका काय ओढत होत्या? पद्मावतींनी बोट दाखवलं ते चुलीकडे. १९५९ साली! आपल्यातल्या निम्म्याजणी तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या. पद्मावती २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, करोनाने गेल्या. शेवटपर्यंत त्या हृदयरोगाच्याच कामात होत्या.

त्यानंतर वीसेक वर्षांनी कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने गुजरातच्या चार खेड्यांत, तिथल्या माणसांना हाताशी धरून, स्वयंपाक करणाऱ्या बायका नेमका किती धूर घेतात ते मोजलं. १९८३ साली ते छापून आलं. शहरातल्या कारखान्यांच्या धुराड्यांवर तोवर पुष्कळ मोजमाप झालं होतं. घरातल्या धुराड्यापाशी जाऊन बसायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं, कारण तिथे बाई बसते. नेपाळमध्ये डॉ. पांडे यांनी डोंगराळ खेड्यांत असंच काम केलं आणि १९८४ साली लिहिलं. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र मांडले. सीओपीडीच्या रुग्णांत २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नसते, असं त्यांनी दाखवलं. जगात तंबाखू ओढणारे साधारण १०० कोटी, आणि लाकूड, शेणी, काडीकचऱ्याच्या धुरात राहणारे ३०० कोटी. पद्मावतींपासून इथवर यायला पन्नास वर्षं लागली.

आता हे सगळं कळल्यावर बाईला दवाखान्यात नीट निदान मिळतं का? अमेरिका-कॅनडात २००१ साली एक गमतीदार पाहणी झाली. गमतीदार म्हणते, पण हसू येत नाही. डॉक्टरांना एका रुग्णाची लेखी हकीकत दिली. खोकला, धाप, धूम्रपान, सगळं शब्दन् शब्द तेच. फक्त काही डॉक्टरांच्या कागदावर रुग्ण पुरुष होता, काहींच्या कागदावर बाई. पुरुष असला की डॉक्टर सीओपीडी म्हणायचे, बाई असली की त्यांना ते कमी वेळा सुचायचं. तिला दमा असेल असं वाटायचं. मग त्यांना श्वास मोजण्याच्या यंत्राचा अहवाल दाखवला, तेव्हा हा फरक बराच कमी झाला. ही शिकलेल्या, श्रीमंत देशांची गोष्ट. आपल्याकडे तर "टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवतात, नाहीतर सलाईन लावतात. मी एका दवाखान्यात माझ्या आत्याला घेऊन गेले होते. त्या डॉक्टरांनी तिच्याकडे न बघता मला विचारलं, "सुनेशी पटत नाही का यांचं?" आत्याला सून नव्हती.

त्या यंत्राचं नाव स्पायरोमीटर. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. आपण जन्मभर फुंकणी फुंकतो ना, तशीच एक नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून, संपेपर्यंत फुंकायचं. एकूण हवा किती बाहेर आली, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र सांगतं. नळ्या मोकळ्या असतील तर बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते. औषधाचा पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतात. आकडा सुधारला तर दम्याची शक्यता जास्त. औषधानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा साधारण सत्तर टक्क्यांच्या खालीच राहिला, तर सीओपीडी. रक्त काढायचं नाही, सुई नाही. फक्त फुंकवून घेणारं माणूस शिकलेलं हवं, आणि आपण चारचौघांत मोठ्याने फुंकायला लाजायचं नाही. सासऱ्यासमोर आवाज चढवायची सवय नसलेल्या बाईला हे किती अवघड जातं ते मी पाहिलं आहे. पहिल्या वेळी ती अशी फुंकते की जणू देवापुढची समई विझवायची आहे.

आता थोडं आपल्या सोयीचं नसलेलं बोलते. संशोधन आपल्याला हवं तेच सांगतं असं नाही, आणि चळवळीतल्या बायकांनी ते लपवू नये असं मला वाटतं. 'चुलीपुढचा एक तास म्हणजे ४०० सिगारेटी' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. उज्ज्वला योजनेच्या वेळी सरकारनेही ती वापरली, आपणही भिंतींवर रंगवली. घोषणा म्हणून ठीक आहे. पण पुण्यासह जगातल्या अनेक ठिकाणी एकाच पद्धतीने लोकांचा श्वास मोजणारा एक मोठा अभ्यास झाला, त्याला 'बोल्ड' म्हणतात. त्यातल्या आकड्यांत, २०१८ साली, चुलीचं जळण आणि अरुंद नळ्या यांचा सरळ संबंध सापडला नाही. मग काय सापडलं? पुण्यासारख्या ठिकाणी पुष्कळ लोकांची फुप्फुसंच लहान आढळली. आणि याच अभ्यासाच्या २०१४ च्या मांडणीत दिसलं की सीओपीडीच्या नावावर जे मृत्यू होतात, ते गरिबीशी आणि अशा कमी भरणाऱ्या फुप्फुसांशी जास्त जुळतात.

फुप्फुस लहान का राहतं? ते वयाच्या विशीपर्यंत वाढत असतं. आईच्या पोटात असताना आईच कुपोषित, जन्मताना वजन कमी, लहानपणी पुन्हा पुन्हा छाती भरणं, आणि मुलगी असली की ताटात शेवटी उरलेलं. मग तिचं लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी होतं, म्हणजे फुप्फुसाची वाढ चालू असतानाच ती चुलीपुढे बसते. आता यातलं धुराने किती आणि भुकेने किती, हे वेगळं काढणं संशोधकांना अवघड जातं. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको. आपल्या आयुष्यात ते कधी वेगवेगळं आलंच नाही.

दुसरा अभ्यास 'हापिन' नावाचा. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून ३२०० गरोदर बायका. भारतातलं काम तामिळनाडूच्या खेड्यांत, डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली झालं. निम्म्याजणींना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट घरपोच दिले, तेही दीड वर्ष. बाकीच्या चुलीवर राहिल्या. बाई श्वासातून घेते ती बारीक धूळ एका घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आली. सगळ्यांना वाटलं, बाळांची वजनं आता वाढणार. २०२२ साली निकाल आला. वजनात फरक नाही. पुढे बाळांच्या न्यूमोनियातही फरक दिसला नाही. मग काहीजण म्हणायला लागले, बघा, गॅस देऊन उपयोग नाही. मला त्या निकालात दुसरी एक गोष्ट दिसते. सिलिंडर घरपोच आणि फुकट मिळाला तेव्हा त्या बायकांनी चूल जवळजवळ सोडूनच दिली. आपल्याला इतकी वर्षं ऐकवतात ना, "बायकांना सवयच नाही, दिलेला गॅस कोपऱ्यात ठेवतात, त्यांना चुलीवरचंच आवडतं"! सवयीचा प्रश्न नव्हता. पैशाचा होता.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियाला सुरू झाली. आठ कोटींचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादच्या कार्यक्रमात जाहीर झाला. कनेक्शन बाईच्या नावावर, ही चांगली गोष्ट, मी नाव ठेवणार नाही. पण त्या वर्षी उज्ज्वलाच्या घरात सरासरी तीन सिलिंडर जात होते. पुढच्या वर्षांत अनुदान मिळूनही आकडा चारच्या आसपासच राहिला. वर्षाला चार सिलिंडरवर पाच माणसांचा स्वयंपाक होतो का, हे मंत्र्याला नाही, इथे बसलेल्या कुणालाही विचारा. ८ मार्च २०२४ ला, महिला दिनाची भेट म्हणून, सिलिंडर शंभर रुपयांनी स्वस्त केला. भेट! आपल्या घरात आपणच मागितलेलं मिळालं की त्याला भेट म्हणायची पद्धत जुनीच आहे.

आणि इथे भाकरीचा विषय येतो, कारण आपण मोहोळात बसलो आहोत. मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली, स्वातंत्र्याच्याही आधी. आजही शेतकरी तिचं नाव काढतो. दाणा किती टपोरा, कडबा किती गोड, पाऊस नसला तरी किती तग धरते, सगळं मोजलेलं आहे, आणि ते मोजायलाच हवं होतं. पण त्या ज्वारीची भाकरी थापून, तव्यावरून काढून, निखाऱ्याशी उभी करून फुगवणारी जी बाई आहे, तिच्या छातीत किती हवा उरली, हे या तालुक्यात कुणी मोजलं? दहा माणसांच्या भाकऱ्यांना गॅस परवडत नाही, म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी आपल्या बहुतेक घरांची वाटणी आहे. धूर सगळा त्या भाकरीतच आहे. पूर्वी माळवदाला साणं तरी असायचं, धूर वर निघून जायचा. आता घरकुलाची एक खोली, वर स्लॅब, खिडकी एक, आणि ती डासांमुळे बंद. शिवाय रात्री डासांची कॉइल! अमेरिका-मलेशियातल्या संशोधकांनी २००३ साली मोजलं, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढी बारीक धूळ निघते. चुलीपुढून सुटलेली बाई रात्री त्यात झोपते, लेकरं कुशीत घेऊन.

यात आणखी भर घाला. सोलापुरात आपल्या हजारो बहिणी घरात बसून विड्या वळतात. ओढत नाहीत, पण तंबाखूची धूळ दिवसभर नाकात जाते, आणि तंबाखू रात्री त्याच खोलीत असते. मिश्री भाजताना निघणारा धूर कुणी मोजला? मळणीची धूळ, वीटभट्टी, ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट. दवाखान्यात अजूनही एकच प्रश्न: बिडी ओढता का?

मध्येच एका गोष्टीबद्दल बोलते, नाहीतर विसरेन. पंपाला आपल्याकडे फार भितात. "एकदा लागला की सुटत नाही," म्हणतात, आणि पोरीला पंप लागतो हे सोयरीक जुळेपर्यंत लपवतात. पंपातलं औषध थेट नळीत जातं, म्हणून ते फार थोडं लागतं. तेच गोळीतून घेतलं तर कितीतरी पट जास्त घ्यावं लागतं आणि ते सगळ्या अंगात फिरतं. दम्याची पोर पंप घेऊन शाळेत धावू शकते, संसारही करू शकते. मृग निघाला की आपल्याकडची माणसं रेल्वेने हैदराबादला जातात, जिवंत मासा गिळायला. मी त्यांना नावं ठेवत नाही. बारा महिने कुणी विचारत नसेल तर माणूस माशाकडेही जाईल. पण जाताना पंप घरी ठेवू नका, एवढंच सांगते.

आता त्या रकान्याकडे परत येते. तो आता छापला गेला आहे. आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाला काय जाळता, हे विचारलेलं आहे. लाकूड, पिकाचा काडीकचरा, शेणी, कोळसा, रॉकेल, गॅस, असे पर्याय आहेत. धूळ-धुराचं काम करता का, हेही आहे. धाप लागते का, हे आहे. मला हा फॉर्म पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती उंबऱ्यावरची बाई आठवली. पण नीट बघा. फॉर्मच्या पहिल्या भागाला गुण आहेत: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार. चारपेक्षा जास्त गुण झाले की तपासणीसाठी आधी बोलावतात. चुलीचा प्रश्न वेगळ्या भागात आहे आणि त्याला गुण नाही. म्हणजे तीस वर्षं शेणी जाळलेल्या बाईला त्या धुराबद्दल शून्य. आशाताईंचा यात दोष नाही, त्यांना तर फॉर्ममागे मिळणाऱ्या पैशांसाठीही भांडावं लागतं. त्या भरतात. भरलेलं पुढे कुठे जातं, हे आपण विचारायचं आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह, रक्तदाबाच्या जोडीला आता सीओपीडी आणि दमाही घेतलेले आहेत, कागद तसा सांगतो. तेव्हा आपण काय करायचं? दुपारच्या सत्रात आपण गावनिहाय बसणार आहोत. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या अशा बायकांची नावं नाही, फक्त संख्या काढायची, ज्यांना घागर घेऊन येताना मध्ये थांबावं लागतं, किंवा ज्यांचा खोकला पावसाळ्यानंतर गेलेलाच नाही. चूल किती वर्षं, विडीकाम आहे का, घरात धूर जायला वाट आहे का, तेही लिहायचं. मग पुढच्या महिन्यात आपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. स्पायरोमीटर आहे का? असेल तर तो चालवणारं माणूस कोणत्या वारी असतं? आणि पंपाचं औषध संपलं तर महिन्यात किती दिवस संपलेलं असतं? उत्तर तोंडी घ्यायचं नाही. लेखी मागायचं, पोच घ्यायची.

मघाच्या मावशी पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांनी मला मगाशी एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या परवानगीने सांगते. रोज पहाटे चूल पेटवताना त्या आधी दार उघडतात, कारण धुरानं नातवाला खोकला येतो. स्वतःसाठी त्यांनी ते दार कधी उघडलं नव्हतं. आपल्या पाहणीतलं पहिलं नाव, चुकलं, पहिला आकडा, त्यांचाच लिहू. वही इथे टेबलावर ठेवली आहे.